टेसरॅक्ट मराठी वाचतं, पण स्वतःविषयी फारसं बोलत नाही

आधी निकाल सांगून टाकतो. छापील मराठी मजकूर स्कॅनमधून फुकटात टाइप करून हवा असेल, तर टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम खुशाल घ्या. तो आदेश टाइप करून चालवायचा असतो. मात्र आदेशात '--हेल्प' लिहिल्यावर मदतीची जी यादी दिसते तेवढंच या प्रोग्रॅमला येतं, असं समजू नका.

माझं काम गोव्यातल्या फोंड्याच्या एका वाचनालयातलं. जुन्या जत्रांच्या आणि नाट्यमंडळांच्या स्मरणिका. इथल्या दमट हवेत कागद पिवळा पडून कडांना सुटायला लागलेला, म्हणून आधी स्कॅन आणि मग त्यातली नावं शोधता यावीत यासाठी ओसीआर, म्हणजे चित्रातल्या अक्षरांचा मजकूर करणं. उबुंटू या लिनक्सवर मराठीचं पॅकेज टाकलं की लगेच सुरू होतं. मुक्तीपूर्वीच्या काही कार्यक्रमपत्रिकांवर वर मराठी आणि खाली पोर्तुगीज आहे. तिथे भाषा सांगणाऱ्या '-एल'च्या पुढे दोन्ही भाषांचे कोड मध्ये अधिकचं चिन्ह घालून दिले की दोन्ही लिप्या एकाच फेरीत निघतात. हे हेल्पमध्ये स्पष्ट आहे. पण कामाचा म्हणावा असा तोच एक पर्याय तिथे आहे!

खरी अडचण पात्रपरिचयाच्या पानावर आली. डावीकडे 'संभाजी', 'येसूबाई', 'कवि कलश', उजवीकडे नटांची नावं, मध्ये भरपूर मोकळी जागा. टेसरॅक्टने ते दोन कॉलम धरले. आधी सगळी पात्रं ओळीने, मग सगळे नट. येसूबाई कोणी केली होती हे कळायला परत मूळ पान उघडायचं, मग ओसीआर कशाला? यावर उपाय आहे '--पीएसएम', म्हणजे पानाची मांडणी कशी समजायची ते सांगणारा पर्याय. मुद्दाम काही सांगितलं नाही तर ३ धरला जातो, म्हणजे मांडणी प्रोग्रॅमनेच ओळखायची. ६ दिला की अख्खं पान एकच ठोकळा मानून ओळ डावीकडून उजवीकडे सरळ वाचली जाते, आणि येसूबाईच्या समोर नटाचं नाव येतं. दोघांमधली जागा मात्र आक्रसते. ती तशीच राहायला 'प्रिझर्व्ह_इंटरवर्ड_स्पेसेस' हे चल, म्हणजे आतलं एक सेटिंग, '-सी' या पर्यायाने १ करावं लागतं.

आता गंमत बघा. पीएसएम साध्या हेल्पमध्ये नाही. '-सी' नाही. चित्राचं रिझोल्यूशन सांगणारा '--डीपीआय'सुद्धा नाही, आणि फोनवर काढलेल्या फोटोत रिझोल्यूशनची नोंद नसली की नेमका तोच लागतो. हे सगळं '--हेल्प-एक्स्ट्रा'मध्ये, 'प्रगत वापरकर्त्यांसाठी' म्हणून. दोन रकान्यांचं पान वाचायला प्रगत कशाला असावं लागतं? हेल्प आखूड ठेवायला माझी ना नाही, पडदाभर पर्याय ओतले तर कोणीच वाचत नाही. पण रेघ चुकीच्या जागी मारली आहे. आपल्या खाजगी बसच्या पाटीवर नुसतं 'फोंडा-पणजी' असतं, पण निदान कंडक्टर मधले थांबे ओरडून सांगतो.

एक्स्ट्रा उघडलं तरी सगळं संपत नाही. शेवटी 'कॉन्फिगफाइल' असा एक शब्द आहे आणि पुढे तीन टिंबं. तिथे नेमकं काय लिहायचं ते नाही. तिथे पीडीएफ लिहिलं की शोधता येणारी पीडीएफ मिळते, टीएसव्ही लिहिलं की प्रत्येक शब्दाची पानावरची जागा आणि खात्रीचा आकडा मिळतो, शिवाय एचओसीआर आणि आल्टो हे मजकुराबरोबर त्याची जागाही नोंदवणारे आणखी दोन फाइलप्रकार. माझ्या मते हेच या प्रोग्रॅमचं सगळ्यात उपयोगी अंग, आणि ही नावं हेल्पमध्ये नाहीत, मॅन्युअल पानात आहेत. लिनक्सवर ते पान उघडणारा 'मॅन' हा आदेश आहे, ठीक. वाचनालयातल्या विंडोजवर तोही नाही. चलांची नावं '--प्रिंट-पॅरामीटर्स' देतो खरा, पण शेकड्यांनी, त्यामुळे हव्या त्या ओळी गाळून देणारा ग्रेप हा आदेश लावल्याशिवाय त्या गर्दीत शिरू नये.

आणखी एक, ज्यासाठी मी मॅन्युअलला हात जोडतो. टेसरॅक्ट सहसा एका चित्रासाठी प्रोसेसरचे चार कोअर वापरतं. जुन्या लॅपटॉपवर ढीगभर पानं एकदम लावली की उलट कामच अडतं. 'ओएमपी_थ्रेड_लिमिट' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमच्या बाहेरून ठरवायचं सेटिंग, १ केलं, पानं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये सोडली, आणि पंख्याचा आवाज तोच राहून काम लक्षात येईल इतकं लवकर उरकू लागलं. हे दोन्हींपैकी एकाही हेल्पमध्ये औषधालाही नाही.

ओळखण्याबद्दल थोडक्यात. स्वच्छ छपाई असेल तर उत्तम. जुन्या खिळ्यांची जोडाक्षरं आणि 'ऱ्य' तपासावे लागतात, शाई पसरलेली असेल तर ळ सुद्धा. पानांच्या चित्रांची नावं एका टेक्स्ट फाइलमध्ये ओळीने लिहून तीच फाइल दिली, तर अख्ख्या स्मरणिकेची एकच पीडीएफ होते. हेही साध्या हेल्पमध्ये सापडणार नाही. कोंकणीचा वेगळा डेटा यादीत नाही, म्हणून देवनागरी कोंकणीची पानं मी मराठीवरच चालवतो. अक्षरं बहुतेक बरोबर येतात, तपासणीला मात्र कोंकणी वाचणारा माणूस बसवा.

नव्याने सुरुवात करणार असाल तर '--हेल्प' सोडून थेट '--हेल्प-एक्स्ट्रा'ने करा, आणि कॉन्फिगफाइलची नावं मॅन्युअलमधून उतरवून घ्या.