मधपेटीला वरचे दार की जाळीचा झरोका?

परसात सातेरी, म्हणजे आपल्या देशी, मधमाश्यांची पेटी ठेवणाऱ्या पुणेकराला पहिला उन्हाळा आला की एक प्रश्न हमखास पडतो. खालच्या दाराच्या जोडीला मधकोठीला, म्हणजे पिलांच्या मजल्यावर बसणाऱ्या मधाच्या मजल्याला, वरही एक दार पाडावे, की माश्यांची ये-जा खालूनच राहू देऊन वर केवळ हवेसाठी जाळी बसवावी? सहकारनगरातील आमच्या घरामागे आंब्याच्या सावलीत या दोन्ही प्रकारच्या पेट्या मी बरेच हंगाम शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. आर्द्रता किंवा तापमान मोजणारी उपकरणे मी त्यांना कधी लावली नाहीत, त्यामुळे पुढील मजकूर नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवर बेतलेला आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

वरचे दार म्हणजे मधकोठीच्या पुढच्या फळीत गिरमिटाने पाडलेले, साधारण २० मिलिमीटर व्यासाचे, माश्यांना ये-जा करता येईल असे भोक. झरोका म्हणजे मधकोठी आणि आतले झाकण यांच्यामध्ये बसणारी, दोन बोटे उंचीची लाकडी चौकट. तिच्या पुढच्या व मागच्या पट्टीत एकेक लांबट खाच असते आणि त्या खाचेवर खिडकीला डासांसाठी लावतात तशी स्टीलची जाळी ठोकलेली असते. प्रमाणित पेटीच्या आतल्या झाकणाला मधोमध जाळीचे भोक असते, छपरालाही पुढे-मागे हवेची भोके असतात, मग ही वेगळी चौकट कशाला, अशी शंका रास्त आहे. शहरातल्या पेट्यांवर मात्र उन्हासाठी गोणपाट, पावसासाठी प्लॅस्टिक आणि वाऱ्यासाठी दगड असे थर चढत जातात आणि मूळची भोके त्यांच्याखाली केव्हा बुजतात ते कळतही नाही.

वरच्या दाराचे गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ, कडुनिंब आणि करंज पाठोपाठ फुलतात तेव्हा खालच्या दारावर अक्षरशः रेटारेटी होते. अशा वेळी मधुरस घेऊन आलेल्या माश्या वरून थेट मधकोठीत शिरतात आणि पिलांच्या चौकटींवरची वर्दळ कमी होते. मधुरस आटवताना निघणारी वाफ गरम असल्यामुळे वर चढते आणि तिला वरच वाट मिळते. दुपारी पेटीच्या तोंडाशी लोंबणारा माश्यांचा झुबकाही वरचे दार असलेल्या पेटीवर मला लहान दिसला. मधाला प्रतवारी कदाचित थोडी बरी मिळत असेल, पण तसे ठामपणे म्हणण्याइतका फरक माझ्या जिभेला तरी जाणवलेला नाही.

तथापि हा सल्ला मुळात कुठून आला, तेही पाहिले पाहिजे. थंड प्रदेशांत हिवाळ्यात बर्फाने आणि मेलेल्या माश्यांच्या थराने खालचे दार बुजते, आतली वाफ झाकणाला लागून गोठते आणि ते पाणी माश्यांच्या घोळक्यावर ठिबकते. तिथे वरचे दार वसाहत वाचवते. तिथली माशी युरोपीय, म्हणजे मेलिफेरा, आहे. भोक मोठे वाटले तर ती झाडांचा चीक आणून ते स्वतःच लिंपून लहान करते. आपली सातेरी असा चीक गोळा करत नाही, त्यामुळे आपण जेवढे भोक पाडू तेवढेच ते कायम राहते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो आणि पिलांना मात्र ३४-३५ अंशांची ऊब लागते. त्या रात्री वरचे भोक उघडे राहिले तर ऊब टिकवण्याचे काम विनाकारण वाढते. एप्रिलच्या दुपारी गोष्ट उलटी होते. बाहेरची हवा ४० अंशांच्या घरात गेली की ती पेटीतून कितीही खेळवली तरी तिने पेटी गार होत नाही. माश्या पाणी आणून त्याचे थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालतात, त्याने ती गार होते. हवा जितकी मोकाट, तितके पाणी जास्त लागते, आणि ते पाणी शेजाऱ्यांच्या कूलरमधून येते. म्हणून पुण्यात वायुवीजनाच्या आधी सावली आणि पाण्याचे पसरट भांडे यांची सोय करावी, असे मला वाटते.

आता एक बारकावा, जो पाहायला भिंग लागत नाही. उन्हाळ्यात पेटीच्या दाराशी खाली बसून पाहिले तर वारा घालणाऱ्या सातेरी माश्या ओळीने, डोके बाहेर आणि शेपूट आत अशा उभ्या असतात. मेलिफेरा नेमकी उलटी, डोके दाराकडे करून उभी राहते. म्हणजे मेलिफेरा आतली हवा बाहेर ओढते आणि सातेरी बाहेरची हवा आत लोटते. आत लोटलेली हवा कुठून तरी बाहेर पडलीच पाहिजे, आणि वर जाळी असेल तर ती तिथून सहज निघून जाते. वरचे दार असलेल्या पेटीत मात्र त्या दारावरही काही माश्या त्याच पवित्र्यात उभ्या राहून हवा आत लोटताना मी पाहिल्या आहेत. खालून आत आणि वरूनही आत, असा तो प्रकार. त्याने किती बिघडते हे मी सांगू शकत नाही, पण झरोक्यावर कोणी उभे राहत नाही आणि वाट मोकळी राहते, एवढे खरे.

पावसाळ्याचा हिशेब थोडक्यात असा. जून ते सप्टेंबर बाहेरचीच हवा ओली असते, त्यामुळे वायुवीजन वाढवून पेटी कोरडी होईल ही आशा ठेवू नये. वाफेला झाकणाखाली साचू न देणे एवढेच साधते. याच काळात फुलोरा कमी, वसाहत बारीक आणि साखरेचा पाक दिलेला, म्हणजे लुटारू माश्या, गांधीलमाश्या आणि मुंगळे यांना आयते आमंत्रण. मूठभर पहारेकऱ्यांना दोन दारे राखणे जमत नाही. वरचे दार ठेवणाऱ्याने पहिल्या पावसाआधी त्यात बूच मारलेच पाहिजे. झरोक्याला फक्त वाऱ्याच्या बाजूची, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेची, खाच पट्टीने बंद करावी लागते. पूर्वेची उघडी चालते.

झरोकाही निर्दोष नाही. जाळीवर धूळ आणि मेणाचा चुरा बसतो, तो जुन्या दातघासणीच्या ब्रशने झाडावा लागतो. छपराखालच्या उबदार पोकळीत झुरळे, कोळी आणि एखादी पाल मुक्काम ठोकते, आणि छप्पर उचलल्यावर ती पाल नेमकी आपल्या बाहीकडे धावते. चौकट सुताराकडून करून घ्यावी लागते आणि ती चोख काटकोनात नसेल तर कोपऱ्यातून फट राहते, जिथून मेणपतंग, म्हणजे ज्याच्या अळ्या पोळी पोखरतात तो पतंग, शिरतो. भोक पाडणे त्या मानाने फार सोपे.

इतके तोलून झाल्यावरही माझे पारडे बराच काळ मध्येच होते. ते एका बाजूला झुकले ते एका कटकटीमुळे, जिचा उल्लेख मला कुठल्याही माहितीपत्रकात आढळला नाही. माशी आपल्या दाराची जागा लक्षात ठेवते, आणि ती वीतभर अंतरापर्यंत नेमकी ठेवते. वरचे दार मधकोठीत असते आणि मधकोठी तर प्रत्येक तपासणीला उचलावीच लागते. ती उचलून बाजूला ठेवली की रानातून परतणाऱ्या माश्यांचे दार हवेत नाहीसे होते. मग त्या जिथे भोक होते त्या रिकाम्या जागी, छातीच्या उंचीवर, म्हणजे वाकलेल्या पाळणाऱ्याच्या अगदी तोंडासमोर, घिरट्या घालू लागतात. पाच मिनिटांत तिथे एक भिरभिरता गोळा तयार होतो. खालचे दार हातभर खाली उघडे असूनही त्यांना ते सुचत नाही. कोठी पुन्हा बसवताना पुढची बाजू चुकून मागे गेली, किंवा मध्ये आणखी एक कोठी चढवून दार एक मजला वर गेले, तर हाच गोंधळ संध्याकाळपर्यंत चालतो. मध काढून कोठी उतरवून ठेवली, तर दोन-तीन दिवस.

माळरानावर याचे कोणाला काही वाटणार नाही. आमच्या परसाच्या कुंपणाला लागून शेजारच्या काकूंची कपड्यांची दोरी आहे. माश्यांचा गोळा दोरीकडे सरकला की काकू काही बोलत नाहीत, फक्त खिडकी जरा जोरात लावतात, आणि तो आवाज मला गांधीलमाशीच्या डंखापेक्षा लागतो. सातेरी स्वभावाने गरीब आहे, त्या गोंधळात सहसा कोणाला चावत नाही, पण हे शेजाऱ्याला पटवून देण्याची वेळ वरचेवर येऊ नये. झरोक्याच्या पेटीत एकच दार, तेही तळपाटावर, जे कधी हलत नाही. वरचे सगळे मजले उतरवले तरी माश्या खालून निमूट आत जात राहतात.

ज्याची पेटी मुळशी-वेल्ह्याकडे स्वतःच्या शेतात आहे, शेजार लांब आहे, किंवा ज्याने लँगस्ट्रॉथ या मोठ्या आकाराच्या पेटीत मेलिफेरा ठेवली आहे आणि तिची वसाहत भरभक्कम आहे, त्याने हंगामापुरते वरचे दार जरूर करून पाहावे. त्याचा निष्कर्ष माझ्यापेक्षा वेगळा निघू शकतो. १९६२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आपल्याच शहरात, गणेशखिंड रस्त्यावर आहे. शक्य असल्यास भोक पाडण्याआधी तिथे एकदा विचारून घ्यावे, कारण फळीला पाडलेले भोक पुन्हा फळी होत नाही. मात्र कोथरूड, सहकारनगर, पाषाण अशा ठिकाणी चार भिंतींच्या परसात सातेरीची एक-दोन पेट्यांची हौस असेल, तर मी झरोक्याची चौकट सुचवेन. जाळीचे छिद्र ३ मिलिमीटरपेक्षा बारीक असावे, खाचांना सरकत्या पट्ट्या असाव्यात, आणि छपराखाली गोणपाट घालायचेच असेल तर ते चौकटीच्या खाचांवरून खाली लोंबणार नाही इतकेच कापावे.