जुनी गाडी तपासणीत पास होते का? वीस महिन्यांचा अनुभव

गाडी घेतली तेव्हा ती ११ वर्षांची होती आणि मीटरवर ५८ हजार किलोमीटर होते. पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. आता तिला तेरावं लागलंय, मीटर ८१ हजारांच्या पुढे गेलाय. या वीस महिन्यांत ती दोनदा वार्षिक तपासणीला (ब्रेक, धूर वगैरे बघून गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे ठरवतात ती) उभी राहिली. पहिल्यांदा सपशेल नापास, दुसऱ्यांदा पास. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नापास होण्यात कंपनीचा काही दोष नव्हता. निम्मा आधीच्या मालकाचा होता, निम्मा माझा.

विकणाऱ्याचं पालुपद एकच होतं, 'गाडी चाललीच नाही हो फारशी.' मीही त्यावर भाळलो. आता विचाराल तर ११ वर्षांत ५८ हजार ऐकून मी आधी सावध होईन. गाडी जवळच्या जवळ फिरली की सायलेन्सर पुरता तापतच नाही. जळलेल्या पेट्रोलातून जी वाफ निघते तिचं पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून गंजत जातो. उभ्या गाडीची हँडब्रेकची केबल आवरणात धरते, डिस्कवर गंजाचा थर बसतो. माझ्या गाडीच्या टायरवर नक्षी चांगली पाच मिलिमीटर होती. कायद्याने बहुतेक ठिकाणी १.६ पुरते. पण बाजूच्या भिंतीवर बारीक भेगांची जाळी होती, आणि लंबगोल चौकटीतला चार आकड्यांचा कोड वाचला तर टायर नऊ वर्षांपूर्वीचे निघाले. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. गाडी बघायला गेलो तेव्हा मी नक्षीत नाणं घालून बघितलं आणि खूश झालो. कोड वाचायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

पहिली तपासणी चौथ्या महिन्यात आली. मी निर्धास्त होतो. गाडी धुतली, आतून पुसली (याचा काडीचा उपयोग होत नाही, तरी सगळे करतात) आणि नेली. धूर ठीक, पुढचे ब्रेक ठीक. मग मागची चाकं ब्रेकची ताकद मोजणाऱ्या रोलरवर चढवली. पडद्यावर दोन काटे असतात, एक डाव्या चाकाचा आणि एक उजव्याचा. तपासनीस हळूहळू ब्रेक दाबत गेला. डावा काटा १.३ किलोन्यूटनपर्यंत गेला, उजवा ०.८ वर थांबला तो थांबलाच. दोन्ही चाकांच्या ताकदीत एवढा फरक चालत नाही. जोरात ब्रेक मारला तर गाडीचा मागचा भाग एका बाजूला ओढला जाणार. हँडब्रेकलाही तेच. तो ओढताना त्याने मला विचारलं, "किती टिक् येतात मोजलेत कधी?" मी म्हटलं, नाही. त्याने मोजून दाखवले. नऊ.

हे नऊ टिक् माझ्या डोक्यातून गेले नाहीत. कारण गाडी घेतली त्या दिवशी मला तो हँडब्रेक लांब वाटला होता, हे मला पक्कं आठवतं. आठवड्याभरात हाताला सवय झाली आणि तो विषय मनातून गेला. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या महिन्यात बॉनेट उघडलं तेव्हा ब्रेक ऑइल थोडं खाली दिसलं होतं. मी बाटलीतून वर भरलं आणि झाकण लावून मोकळा झालो. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, ते कमी झालं तर एक तर लायनर-पॅड (ड्रम आणि डिस्कवर घासून गाडी थांबवणारे भाग) झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळतंय. हे मला माहीत नव्हतं असंही नाही.

गॅरेजमध्ये उजवा ड्रम काढला आणि वास आला. लायनर ऑइलने चिंब, त्यावर ब्रेकची काळी भुकटी बसून चिखल झालेला. व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलतो तो) रबर कडक झालं होतं आणि आतली भिंत गंजाने खरबरीत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. इथे ते किती वर्षं तसंच होतं कोण जाणे, बाहेर आलं ते चहाच्या रंगाचं. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि लायनर बदलले (एकाच बाजूचे बदलले तर फरक पुन्हा उरतोच), धरलेली केबल बदलली, सगळं ऑइल नवं भरलं. फेरतपासणीत काटे १.४ आणि १.३. हँडब्रेक पाचव्या टिक्‌ला गच्च.

खरा धक्का त्यानंतर बसला. ग्लोव्ह बॉक्स आवरताना मॅन्युअलच्या मागच्या कप्प्यात आदल्या वर्षीच्या तपासणीचा कागद सापडला. विकणाऱ्याने मला 'पास'चं पान दाखवलं होतं. त्याला जोडलेलं शेऱ्यांचं पान मी कधी मागितलंच नव्हतं. त्यावर दोन ओळी होत्या: मागील उजवा ब्रेक कमजोर, मर्यादेच्या जवळ. हँडब्रेकचा प्रवास जास्त. म्हणजे मी ज्यावर नापास झालो ते वर्षभर आधी लिहून ठेवलेलं होतं, आणि चार महिने माझ्याच गाडीत, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडलेलं होतं.

म्हणून आता कोणी जुनी गाडी घेताना विचारलं तर मी मॉडेल, रंग, मालक कितवा हे नंतर विचारतो. आधी मागच्या दोन तपासण्यांचे शेरे माग म्हणतो. एकच शेरा दोन्ही वर्षी असेल तर मालक कसा आहे ते कळलं. 'पास' म्हणजे फक्त त्या दिवशी, त्या तासाला गाडी मर्यादेच्या आत होती एवढंच.

तेराव्या महिन्यात चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर कोड पी ०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) नीट काम करत नाही. मेकॅनिक म्हणाला, "दादा, कोड उडवतो, तपासणीपुरता दिवा गेला की झालं." उडवला. नवव्या दिवशी दिवा पुन्हा हजर. आणि हा उपाय तपासणीच्या आदल्या दिवशी केला तर उलटाच अंगावर येतो. कोड पुसला की गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात. त्या पूर्ण व्हायला थंड इंजिनपासून सुरुवात करून थोडं शहरात, थोडं एका वेगात हायवेवर असं काही दिवस चालवावं लागतं. जिथे तपासणीत स्कॅनर लावतात तिथे 'चाचण्या अपूर्ण' दिसलं की गाडी परत पाठवतात.

कन्व्हर्टर महागाचं काम, म्हणून दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या पोराने आधी काहीच उघडलं नाही. थंड इंजिन चालू केलं, सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडका दाबून धरला आणि मला म्हणाला, "खाली वाका, ऐका." पाइपच्या एका जोडातून फस्स आवाज येत होता, भोवती काजळीचा काळा डाग. गॅस्केट, म्हणजे जोड बंद ठेवणारी चकती, गेलं होतं. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, आणि संगणक समजतो की कन्व्हर्टर मेला. गॅस्केट बदललं. त्याला सात महिने झाले, दिवा पुन्हा लागलेला नाही.

दुसऱ्या तपासणीच्या तीन आठवडे आधी मी तयारीला लागलो. आदल्या दिवशी कळून उपयोग नसतो, पार्ट मिळायला वेळ लागतो. टायर चारही नवे. बायकोला ब्रेकवर बसवून मी मागे उभा राहिलो, एक ब्रेक लाइट गेलेला. एकटे असाल तर संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, उजेड भिंतीवर दिसतो. नंबर प्लेटचा दिवा मात्र सगळेच विसरतात, मीही विसरलो होतो. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून काठ उसवलेत का पाहिलं. आणि जाताना अर्धा तास चालवून गरम गाडीच नेली, कारण कन्व्हर्टर साधारण अडीचशे-तीनशे अंशांना कामाला लागतो. थंड गाडीचा धूर तिच्या लायकीपेक्षा वाईट येतो.

पास झाली. शेरा एकच: पुढील डाव्या लोअर आर्मच्या बुशला भेगा. म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या जोडातलं रबर.

वयाबद्दल एक. ब्रिटनमध्ये १९६० साली अशी तपासणी सुरू झाली तेव्हा ती फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती, आणि त्यात ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढंच बघत. पुढच्याच वर्षी मर्यादा सातवर आणली, १९६७ साली तीनवर. तीन वर्षांच्या गाडीतही काढण्यासारखं निघतं, म्हणून तेरा वर्षांच्या गाडीला म्हातारी म्हणून सूट द्यायला मी तयार नाही. माझी पास होते, पण तिच्यामागे लागावं लागतं. ज्याला वर्षाकाठी दोन-तीन शनिवार गॅरेजमध्ये घालवायचे नाहीत त्याने या वयाची गाडी घेऊ नये.

पुढची तपासणी आठ महिन्यांवर आहे. बुशचं काम 'पुढच्या सर्व्हिसिंगला' म्हणून ठेवलं होतं. परवा भाऊ शेजारी बसला होता, गतिरोधक ओलांडल्यावर म्हणाला, "डावीकडून काही वाजतंय का रे?" मला काहीच ऐकू आलं नव्हतं. शनिवारची वेळ घेतली आहे.