गुंड्याचं काळीज: हाताने भरून आणलेल्या अस्वलांसोबतचे दहा महिने

गुंड्याची पाठ परवा पुन्हा उसवली. धाकट्याने त्याला एका पायाला धरून जिन्यावरून खाली ओढत आणलं आणि कंबरेपासून मानेपर्यंतची शिवण सुटली. पांढरा कापूस बाहेर आला, त्यात अर्धवट दडलेलं लाल साटीनचं काळीज दिसायला लागलं. धाकटा जागीच थिजला. “पडलं काय गं?” एवढंच विचारलं. आज्जीने बोटाने ते आत सारलं आणि म्हणाली, “कुठं पडतंय? आहे की जाग्यावर. रडालाइस कशाला, सुई-दोरा आण जा.”

हे अस्वल आणि त्याची बहीण आम्ही गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत बेंगळुरूहून आणली. तिथे माझा भाऊ राहतो. त्याच्या घराजवळच्या मॉलमध्ये मुलांनी स्वतः भरून घ्यायच्या खेळण्यांचं दुकान आहे. आता ऑगस्ट आहे, दहा महिने झाले. बेळगावच्या आमच्या टिळकवाडीतल्या दोन-तीन आयांनी विचारलं, मुलांना न्यावं का, एवढे पैसे घालावेत का. तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून सगळं लिहून काढते. या पद्धतीच्या दुकानांना जगभर ओळख मिळाली ती बिल्ड-अ-बेअर वर्कशॉपमुळे. मॅक्सिन क्लार्क यांनी १९९७ साली अमेरिकेत सेंट लुईसला ते सुरू केलं. आम्ही गेलो ते दुकान त्यांचं नव्हे, पण रीत साधारण तीच.

आत शिरलं की पहिल्यांदा दिसतात त्या खोळी. अस्वल, ससा, कुत्रा, हत्ती, सगळे चपटे, रिकामे, एकावर एक रचलेले. मुलाने एक खोळ निवडायची. मग काचेचा मोठा पिंप, त्यात कापूस सारखा उडत असतो. कापूस म्हणजे पॉलिएस्टरचे तंतू, उशांमध्ये असतात तेच. पिंपाला नळी, नळीला खोळीची उघडी पाठ लावायची आणि मुलाने पायाने पॅडल दाबायचं. खोळ डोळ्यांसमोर फुगत जाते. माझी थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच वर्षांचा. पॅडलवर पाय ठेवल्यावर दोघांचा चेहरा असा झाला की मी फोटो काढायचंच विसरले. मला आमच्या गल्लीत धनुकली घेऊन येणारा पिंजारी आठवला. अंगणात कापसाचा ढीग, तारेचा तो टणत्कार, आणि आम्ही पोरं नाकातोंडात कापूस जाईपर्यंत तिथून हलायचो नाही.

पाठ बंद करायच्या आधी काळीज घालतात. दुकानात त्याला हार्ट म्हणतात, पण घरी आल्यावर आज्जी काळीज म्हणाली आणि तेच राहिलं. तिथल्या मुलीने आधी इंग्रजीत सुरुवात केली. धाकटा बावरून माझ्यामागे लपला. मग तिने थोरलीला विचारलं, कन्नड येतं का. थोरलीला शाळेत कन्नड आहे, ती खुलली. पुढचं सगळं कन्नडमधून झालं आणि थोरली भावाला मराठीत सांगत गेली: दोन्ही तळहातांत चोळ म्हणजे ते गरम होईल, कपाळाला लाव म्हणजे अस्वल हुशार होईल, एक उडी मार, आता मनात काहीतरी माग आणि आत ठेव. धाकट्याने डोळे गच्च मिटून घेतले. काय मागितलं ते अजून सांगितलेलं नाही.

दहा महिन्यांनंतर सांगते, पैसे वसूल झाले ते या वीस मिनिटांत. बाकीच्या गोष्टींबद्दल माझं मत वेगळं आहे.

दोन अस्वलं, दोन पोशाख, एक आवाजाची डबी मिळून साडेसहा हजारांच्या आसपास गेले. त्यातले जवळजवळ निम्मे खोळींचे नव्हेत, वरच्या सामानाचे. कापूस भरून झाल्यावर मुलांना कपड्यांच्या भिंतीसमोर सोडतात आणि तिथे आईबापांचा टिकाव लागत नाही. धाकट्याने घेतलेल्या चकचकीत जाकिटाची चेन घरी आल्यावर पंधरा दिवसांत निघाली. थोरलीने घेतलेले बूट कुठे गेले ते कुणालाच माहीत नाही. दिवाळीनंतर दोन्ही अस्वलं उघडीच होती, आणि मुलांना त्याचं काही वाटलं नाही.

मग माझ्या नणंदेने काम हातात घेतलं. ती वडगावला राहते, शेजारीपाजारी सगळीकडे साडीचे माग. मागावरचे काठाचे उरलेले तुकडे तिच्याकडे नेहमी पिशवीभर असतात. त्यातून तिने गुंड्याला काठाचं मुंडासं आणि थोरलीच्या अस्वलीला परकर-पोलकं शिवलं. हे कपडे आजही अंगावर आहेत. धाकटा रोज सकाळी मुंडासं सरळ करूनच शाळेला जातो.

आवाजाच्या डबीबद्दल मला खरंच वाईट वाटलं. दुकानात स्वतःचा आवाज भरून घेता येतो. आम्ही आज्जीला फोन लावला आणि तिच्याकडून वदवून घेतलं, “झोप रे माझ्या राजा.” पोट दाबलं की आज्जी बोलायची. फेब्रुवारीत आवाज घरघरायला लागला, मार्चमध्ये बंद झाला. दुकानाला फोन केला तर म्हणाले, अस्वल घेऊन या, इथेच उघडून बघू. बेळगावहून बेंगळुरू पाचशे किलोमीटर. एका डबीसाठी कोण जातं? आम्ही शिवण सोडवून ती काढून टाकली. त्या रात्री धाकटा पोट दाबत बसला होता. शेवटी आज्जीच त्याच्या उशाशी येऊन बसली, आणि आता रोज बसते. आवाज भरून घेणार असाल तर डबीची बॅटरी घरी बदलता येते का ते आधी विचारा. आणि बटणाएवढी बॅटरी लहान मुलाने गिळली तर जिवावर बेततं, त्यामुळे ती स्क्रूने घट्ट बंद असलेल्या कप्प्यातच असायला हवी. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. रिकाम्या खोळीच्या पट्टीवर ते बघून मगच पुढे जा. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर सुट्या काळजाकडे, डोळ्यांकडे आणि बटणांकडे लक्ष ठेवा.

आता कापूस किती भरायचा, यावर मी सगळ्यात जास्त सांगेन, कारण तिथेच आमचं चुकलं. मुलगी विचारते, मऊ हवं की घट्ट? धाकट्याने मऊ सांगितलं. मिठी मारायला छान वाटलं, पण संक्रांतीपर्यंत गुंड्याची मान लुळी पडली आणि डोकं पोटावर यायला लागलं. थोरलीने ठासून भरून घेतलं. तिची अस्वली ताठ बसते, पण शिवणीवर ताण येऊन काखेत फाटली. यंत्राचा कापूस पोटात आधी जमतो, हातपाय आणि मान मागे राहतात. म्हणून मुलाला सांगा, पहिल्यांदा पाय, मग हात, मग मान बोटाने चाचपून बघ, आणि पोट शेवटी. मान घट्ट, पोट मऊ, असं भरून मिळतं. मागावं लागतं एवढंच. खडेबाजारातल्या आमच्या गादीवाल्याला गुंड्या दाखवला तर तो म्हणाला, कापूस बसलाय, बाहेर काढून हाताने पिंजा आणि मूठभर नवा घाला. त्याने मूठभर कापूस तसाच दिला, पैसे घेतले नाहीत. मान सरळ झाली.

धुण्याचं सांगते. कोमट पाणी, साधा साबण, हलक्या हाताने दाबायचं, पिळायचं नाही. पिळलं की आत गोळे होतात आणि वरची लव चिकटते. वाळवणं मात्र आपल्याकडे अवघड. जुलैत पाऊस बसला की उन्हाचं तोंड दिसत नाही. मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात धुतलं ही माझी चूक. तीन दिवस पंख्याखाली टांगूनही पोटातून कुबट वास येत होता. चौथ्या दिवशी पाठ उघडून कापूस परातीत पसरला, तेव्हा कुठे वाळला. मेमध्येच धुऊन ठेवा.

परतीला राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये थोरलीने विचारलं होतं, याला टेडी का म्हणतात. मी सांगितलं की १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले, बांधून ठेवलेल्या अस्वलावर त्यांनी गोळी झाडायला नकार दिला. व्यंगचित्रकार बेरीमन यांनी त्याचं चित्र काढलं, ते बघून ब्रुकलिनच्या मिचटम दांपत्याने कापडाचं अस्वल करून दुकानात ठेवलं आणि त्याला रूझवेल्टांचं टेडी हे लाडकं नाव दिलं. त्याच सुमाराला जर्मनीत श्टाइफ कंपनीतही अस्वल तयार होत होतं. थोरलीने विचारलं, “मग त्या अस्वलाला सोडलं?” ते जखमी होतं आणि त्याला शेवटी मारावं लागलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आज्जीचं माहेर खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलाच्या कडेला. तिथे खरी अस्वलं आहेत, आणि अस्वलाने चेहरा फाडलेली माणसं तिने लहानपणी पाहिली आहेत. त्यामुळे आम्ही घरी आलो तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, “अस्वल कशाला आणलासा घरात?” तिच्या लहानपणी खेळणं म्हणजे गोकाकची लाकडी फळं, नाहीतर चिंध्यांची बाहुली. पण एप्रिलच्या सुट्टीत तिनेच दोघांना माहेरी नेलं, सावरीची बोंडं गोळा करायला लावली, बी काढायला शिकवलं (बी राहिलं तर उंदीर कुरतडतात, असं ती म्हणते) आणि जुन्या लुगड्याची खोळ शिवून तिघांनी मिळून एक हत्ती भरला. सावरीचा कापूस फार हलका आणि मऊ, पण धुवायला अजिबात चालत नाही. हत्तीला काळीज हवंच म्हणून धाकटा अडून बसला. लाल खणाचा तुकडा गुंडाळून केलं, तळहातांत चोळलं, कपाळाला लावलं, उडी मारली.

दुकानातून मिळालेला जन्मदाखला इंग्रजीत आला, तिथल्या संगणकावर दुसरी लिपी नव्हती. थोरलीने घरी त्याच कागदाच्या मागे मराठीत आणि कन्नडमध्ये नाव लिहिलं, जन्मगाव म्हणून बेळगाव घातलं आणि खाली हत्तीचंही नाव जोडलं.

या दसऱ्याला भाची आमच्याबरोबर येणार आहे, सहा वर्षांची. सकाळी दुकान उघडताच जायचं, कारण मागच्या वेळी रविवारी दुपारी चाळीस मिनिटं रांगेत गेली आणि धाकटा पॅडलपर्यंत पोहोचायच्या आधीच दमला होता. फक्त खोळ, कापूस आणि काळीज घ्यायचं, हे तिला गाडीत बसायच्या आधीच सांगून ठेवलंय. नणंदेने काठ बाजूला काढून ठेवलेत; ससा की अस्वल ते कळलं की माप घेणार आहे.