जुनं विंडोज ठेवायचं की नवं घ्यायचं? एकाच टेबलावर दोन्ही वापरून बघितलं

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी तरी मला हाच प्रश्न विचारला, जुनं विंडोज सेव्हन राहू दे का नवं मशीन घेऊ, आणि तिघांनीही वर हे जोडलंच, की "जुन्यासाठी आता व्हायरस कोण बनवतंय राव, जुनंच सेफ." माझं ठाण्यात वागळे इस्टेटला रेडियमचं दुकान आहे, स्टिकर, बोर्ड, टेम्पोच्या काचेवरची नावं (नंबर प्लेटचं काम एचएसआरपीने खाल्लंच, तो विषय वेगळा), आणि माझ्या टेबलावर तीन वर्षं दोन्ही मशीन शेजारी शेजारी चाललीत, डावीकडे सेव्हन, उजवीकडे इलेव्हन. मी इंजिनियर नाही, वापरताना जे दिसलं तेवढंच सांगतोय, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी जुन्याची बाजू, कारण मीही तिकडचाच होतो. मे २०१७ मध्ये वॅनाक्राय नावाचा व्हायरस आला तेव्हा लागण झालेल्यांत बहुतेक सेव्हनवाले होते, आणि त्याहून जुन्या विंडोज एक्सपीची मशीनं बरीचशी निळा स्क्रीन देऊन नुसतीच आडवी झाली, त्यांच्यावरून तो पुढे फारसा पसरला नाही. तेव्हा एक्सपीवाल्यांची कॉलर टाइट होती, बघा आम्ही वाचलो. पण व्हायरस शिरायचं भोक एक्सपीतही होतंच, व्हायरस त्यावर धड चालला नाही एवढंच, आणि मायक्रोसॉफ्टला एप्रिल २०१४ ला बंद केलेल्या एक्सपीसाठी तीन वर्षांनी मुद्दाम पॅच (भोक बुजवणारं अपडेट) काढावा लागला. सेव्हनचा पॅच तर मार्चमध्येच आला होता, म्हणजे दोन महिने आधी, ज्यांनी टाकला नव्हता ते सापडले. सेव्हनचे पॅच आपल्यासारख्यांना १४ जानेवारी २०२० ला थांबले, आता जे भोक सापडेल ते तसंच राहणार.

माझा भाचा ऐरोलीला आयटीत आहे, त्याने एक गोष्ट सांगितली ती मला आधी कधी सुचलीच नव्हती. नव्या विंडोजचा पॅच आला की त्यात काय बदललं ते लोक उकलून बघतात, आणि तोच कोड बऱ्याचदा जुन्यातही असतो. म्हणजे नव्याचा पॅच जुन्यात कुठून शिरायचं ते सांगून जातो. "मामा, तुझ्यासाठी कोणी वेगळा व्हायरस बनवायची गरजच नाहीये," असं म्हणाला. विंडोज ९८ किंवा डॉसवर आजचे बरेच व्हायरस चालतच नाहीत हे मात्र खरं, पण मग त्यावर आजचं काय चालतं तेही सांगा.

आता नवं म्हणजे लोखंडी तिजोरी असंही नाही हां. नॉटपेट्या नावाचा व्हायरस जून २०१७ मध्ये आला तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच, आणि आपल्या इथे न्हावा-शेव्याला एका टर्मिनलचं काम त्याने अडवलं. तो चोरलेले पासवर्ड वापरून पॅच टाकलेल्या मशीनमध्येपण घुसत होता. १९ जुलै २०२४ ला तर व्हायरसच नव्हता, एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या चुकलेल्या अपडेटने जगभरात ८५ लाख विंडोज मशीनं निळी पडली, विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले ते आठवत असेल. त्या दिवशी माझं सेव्हन मस्त चालू होतं आणि मी सगळ्यांना तसं सांगतही फिरलो. पण ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांत असतं, माझ्याकडे दोन्हीपैकी कशावरच नव्हतं, त्यामुळे इलेव्हनही तेवढंच मस्त चालू होतं, ते मी कोणाला सांगितलं नाही.

मग मी सेव्हन का सोडलं? पेनड्राइव्हमुळे.

माझी आयडिया अशी होती की जुन्याची लॅन वायर काढून टाकायची, नेट नाही तर व्हायरस नाही. प्लॉटर (रेडियम कापायचं मशीन) जुना, त्याला कॉम्प्युटरशी जोडणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, ३२ बिटचा, इलेव्हन फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि तसला ड्रायव्हर घेतच नाही, म्हणून कटिंग जुन्यावर. गिऱ्हाइकाची फाइल व्हॉट्सॲपवर येणार ती नव्यावर, कारण सेव्हनवर क्रोम ब्राउझर १०९ व्या व्हर्जनला येऊन थांबलंय. म्हणजे प्रत्येक फाइल नव्यावरून पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह जुन्याला, दोन एमएम सरकवायचं असेल तर परत उलटी वारी. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मंडळाची पोरं आपापले पेनड्राइव्ह घेऊन रांगेत उभी, "दादा फक्त नाव बदलायचंय", आणि मी घाईत ते सरळ डावीकडे लावणार.

एके दिवशी पेनड्राइव्ह उघडला तर सगळ्या फोल्डरच्या कोपऱ्यात तो छोटा वाकडा बाण, साइज १ केबी. शॉर्टकट व्हायरस. यातली बदमाशी अशी की शॉर्टकट दाबला की तुमचा फोल्डरही उघडतो, त्यामुळे कळतच नाही, खरा फोल्डर लपवलेला असतो आणि मागे व्हायरसची स्क्रिप्ट चालू होते. टास्क मॅनेजरमध्ये ती स्क्रिप्ट चालवणारं डब्ल्यूस्क्रिप्ट दिसायचं, मी बंद करायचो, लपवलेलं परत दाखवणारी ॲट्रिबची कमांड मारून फोल्डर परत आणायचो, मशीन रीस्टार्ट केलं की पुन्हा हजर. अँटीव्हायरस होता पण फुकटवाला, सेव्हनवर त्याचे अपडेट कधीचे बंद. इराणमधल्या नतांझच्या ज्या अणुप्रकल्पात स्टक्सनेट नावाचा व्हायरस शिरला, तोही नेटला जोडलेला नव्हता आणि तिथेही तो पेनड्राइव्हवाटेच गेला असं मानतात, तर माझ्या दुकानाचं काय घेऊन बसलात.

आणि हा त्रास माझ्यापुरता राहिला असता तर मी अजून दोन वर्षं काढली असती. तीन हात नाक्याच्या एका सीएंच्या ऑफिसने काचेवरच्या अक्षरांसाठी पेनड्राइव्ह पाठवला होता, तो मी काम करून परत दिला, संध्याकाळी त्यांच्याकडच्या मॅडमचा फोन. "दादा, तुमच्याकडून आलेला पेनड्राइव्ह लावला आणि आमच्या सगळ्या स्क्रीन लाल झाल्यात. त्यात आमच्या क्लायंटचे रिटर्न आहेत हो." चिडल्या नव्हत्या, त्याचीच जास्त लाज वाटली. हाच पेनड्राइव्ह मी आधी उजवीकडे लावला होता का ते आठवत नव्हतं, पण नंतर दुसरा एक तसाच लावून बघितला, इलेव्हनमध्येच येणाऱ्या डिफेंडर अँटीव्हायरसने तो मी काही न करताच साफ केला.

प्लॉटरचं काय केलं तर, हसू नका, लॅमिंग्टन रोडवरून ४५० रुपयांची यूएसबी टू सिरीयल केबल आणली. तिचा ड्रायव्हर इलेव्हनने आपोआप घेतला आणि प्लॉटर नव्यावरून कापायला लागला. तीन वर्षं मी पेनड्राइव्ह नाचवत होतो. सगळ्या प्लॉटरला चालेल असं नाही, सिरीयल पोर्ट आहे का बघून घ्या.

तर तुमचं मशीन नेटला असेल, बँक, जीएसटी, मेल असं काही त्यावर होत असेल, तर मला वाटतं नवंच बरं. इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या प्रोसेसरचं रिफर्बिश्ड मशीन मला १८ हजारात मिळालं, त्यावर इलेव्हन व्यवस्थित चालतं. टेन असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पॅच मिळतात, तेवढा वेळ काढता येईल. एखाद्या मशीनला जोडलेलं, बाहेरचं काही न लागणारं सेव्हन असेल तर राहू द्या, पण मग खरंच बाहेरचं काही लागू देऊ नका. आणि कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) क्रॅकवर, म्हणजे चोरीचं, आहे म्हणून सेव्हन सोडवत नसेल, तर ते कारण वेगळं आहे, त्याला सेफ म्हणू नका. क्रॅक टाकताना अँटीव्हायरस बंद करा असं पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं.

माझं सेव्हन कोपऱ्यात आहे अजून, फॉरमॅट मारून, फक्त जुन्या मराठी फॉन्टच्या डोंगलसाठी (ती लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाही). पंधरा वर्षांपूर्वीचा बोर्ड कोणाला तसाच्या तसा हवा असतो, मग ते चालू करतो, अक्षरं कर्व्ह करतो, म्हणजे फॉन्टशिवाय उघडतील असे आकार करतो, आणि दुकानाच्याच पेनड्राइव्हवर घेतो, त्याला लाल रेडियमची पट्टी लावलीय. तारीख-वेळ लक्षात ठेवणारा आतला सीमॉसचा सेल गेलाय, त्यामुळे चालू केलं की दर वेळी तारीख १ जानेवारी २००९ दाखवतं. पन्नास रुपयांचा सेल आहे, बदलतो बदलतो म्हणून राहिलाय.