लिगामेंट आणि कूर्चा, दोन्ही एकाच ऑपरेशनमध्ये: ११ महिन्यांनंतर

मागच्या वर्षी सातव्या माळेला गरबा खेळताना वळण घेतलं. पाय मातीत रुतलेला तसाच राहिला आणि अंग फिरलं. गुडघ्यातून आलेला 'टक्' आवाज ढोलाच्या गजरातही मला स्पष्ट ऐकू आला. आमच्या बडोद्यात बहुतेक जण अनवाणीच खेळतात, मीही लहानपणापासून तशीच खेळत आले.

एमआरआयमध्ये एसीएल लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा पट्टा, पूर्ण तुटलेलं दिसलं. डिसेंबरात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूचा) टेंडन काढून त्याचं नवीन लिगामेंट बसवलं. पण दुर्बीण आत गेल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. मांडीच्या हाडाच्या टोकाला, आतल्या बाजूने, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतली कूर्चा (हाडावरचं गुळगुळीत आवरण) थेट हाडापर्यंत उडाली होती. कूर्चेची इजा एमआरआयमध्ये बरेचदा आहे त्यापेक्षा कमी दिसते, तसंच माझंही झालं. डॉक्टरांनी तिथे मायक्रोफ्रॅक्चर केलं.

कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती आपली आपण भरून येत नाही. मायक्रोफ्रॅक्चरमध्ये उघड्या पडलेल्या हाडाला ३-४ मिलिमीटर अंतरावर बारीक भोकं पाडतात. मज्जेतलं रक्त वर येऊन तिथे गोठतं आणि काही महिन्यांत त्या गुठळीची नवी कूर्चा होते. अमेरिकेतल्या डॉ. स्टेडमन यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. मात्र ही नवी कूर्चा मूळच्यासारखी गुळगुळीत नसते. तंतुमय असते आणि टिकाऊपणातही कमी पडते. हे मला ऑपरेशनआधी कोणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

माझी खरी तक्रार डिस्चार्ज कार्डाबद्दल आहे. त्यावर नुसत्या लिगामेंटच्या पेशंटला देतात त्याच छापील सूचना होत्या: 'दुसऱ्या दिवसापासून झेपेल तेवढं वजन टाकावं.' मी चार दिवस वॉकर धरून त्या पायावर व्यवस्थित वजन टाकत चालले. पाचव्या दिवशी फिजिओ घरी आल्या. सवयीने त्यांनी फाइलमधला ऑपरेशनचा कागद काढला, दोनदा वाचला आणि विचारलं, "बेन, ह्या पायावर वजन टाकायला कोणी सांगितलं?" मी कार्ड पुढे केलं. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यानंतर सहा आठवडे कुबड्या, पाऊल जमिनीला फक्त टेकवायचं, आणि गुडघा हळूहळू वाकवणारं सीपीएम मशीन भाड्याने आणून रोज सहा तास. त्या चार दिवसांत गुठळीला धक्का बसला का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून कळकळीने सांगते, फिजिओला डिस्चार्ज कार्ड नाही, ऑपरेशनची नोंद दाखवा. आत काय केलंय ते तिच्यात नीट लिहिलेलं असतं.

दोन्ही दुरुस्त्यांच्या गरजा एकमेकींच्या आड येतात. लिगामेंटसाठी लवकर उभं राहून स्नायू जागे करायचे असतात. कूर्चेला सहा आठवडे भार नको असतो. तेवढ्या दिवसांत मांडी वाळते. टेपने मोजली तर डाव्या मांडीपेक्षा उजवी ४ सेंटिमीटरने बारीक झाली होती. कारेलीबागेतल्या एका क्रिकेट खेळणाऱ्या मुलाचं ऑपरेशन माझ्याच आठवड्यात झालं होतं, फक्त लिगामेंटचं. चौथ्या महिन्यात तो जॉगिंग करत होता आणि मी कामाटीबागेत एक फेरी मारून बाकावर बसत होते. आपलं काहीतरी चुकतंय असं वाटून त्या काळात मी पार खचले होते.

एरवी मी सगळं वाचून ठरवणारी, पण वाचायला घेतलं ते नंतर. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये अशा ऑपरेशनांच्या देशव्यापी नोंदी ठेवतात. २०१६ साली त्यांतून असं पुढे आलं, की लिगामेंटबरोबर कूर्चेची खोल इजा असलेल्यांत मायक्रोफ्रॅक्चर झालेल्या पेशंटनी दोन वर्षांनी खेळ आणि जगण्याचा दर्जा याबाबत दिलेले गुण, कूर्चेला हातच न लावलेल्यांपेक्षा कमी होते. हे वाचून पोटात गोळा आला. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जखम किती मोठी, कुठे आणि वय काय यावर ठरवावं लागतं. मोठ्या जखमेसाठी स्वतःच्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून बसवण्याचा मार्गही आहे, स्वीडनच्या डॉक्टरांनी तो १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. पण त्यात दोनदा ऑपरेशन. ही सगळी चर्चा माझ्याशी ऑपरेशनच्या टेबलावर चढण्याआधी व्हायला हवी होती.

आज गुडघा निसटत नाही, एकदाही निसटला नाही. लिगामेंटचं काम चोख झालंय. जिना चढते. उतरताना तिसऱ्या-चौथ्या पायरीला आत बोचतं. मांडी घालून दहा मिनिटं बसता येतं, उकिडवं अजून नाही. गौरी बसवताना सासूबाईंनी चौरंगच उंच मांडला आणि म्हणाल्या, "उभ्यानेच हळदकुंकू वाहा गं, गौरी काही रागवायच्या नाहीत." फिजिओ दर तीन महिन्यांनी प्रश्नावली भरून घेतात. त्यातले खेळाचे पाच प्रश्न म्हणजे उकिडवं बसणं, धावणं, उडी, वळणं आणि गुडघ्यावर टेकणं. धावण्याच्या प्रश्नाला या वेळी पहिल्यांदाच 'मध्यम त्रास' लिहिलं, आधी 'अतिशय' होतं.

यंदा नवरात्रात मी खेळले नाही. आरतीला मात्र सव्वा तास मैदानात उभी होते. घरी येऊन दोन्ही गुडघ्यांना टेप लावली. मापं सारखीच भरली, सूज नव्हती.