स्प्रिंगवाली एअर रायफल: आठ महिन्यांनंतर

पहिल्याच महिन्यात ही विकून टाकायची असं ठरवलं होतं. १० मीटरवर पाच छर्रे मारले की पाचही वेगळीकडे. नळीला शिव्या घालून झाल्यावर कळलं, दस्त्याचे स्क्रू सैल होते. स्प्रिंगच्या रायफलीला दुहेरी हिसका असतो. पिस्टन (हवा दाबणारा दट्ट्या) पुढे सुटला की रायफल मागे येते आणि तो हवेच्या उशीवर थबकला की ती पुढे झेपावते. साध्या दुर्बिणी याच हिसक्याने खिळखिळ्या होतात. माझी एक गेली.

दुसरा घोळ तेलाचा, पूर्ण माझाच. यंत्र म्हटलं की तेल, म्हणून हवेच्या भोकातून दोन थेंब सोडले. पुढचा बार फटाक्यासारखा, वर धूर आणि जळका वास! दाबाने तापलेल्या हवेत तेल पेटतं. आधीच थकलेलं पिस्टनचं सील त्यानंतर फाटलंच.

त्यानिमित्ताने रायफल उघडली. आत स्प्रिंग कायम दाबलेली असते, त्यामुळे स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय मागचा भाग सोडू नका; तो थेट तोंडावर येतो. सील बदललं. प्रत्येक बाराला जो टणत्कार यायचा, त्याचं कारणही सापडलं: स्प्रिंगच्या आतलं गाइड, म्हणजे तिला सरळ ठेवणारा दांडा, ढिलं होतं. घट्ट बसणारं डेलरिनचं (एक कडक प्लॅस्टिक) गाइड घातलं, स्प्रिंगला मॉलिब्डेनमचं ग्रीस अगदी पातळ लावलं आणि आवाज 'धप्प' एवढाच उरला. मधे हौसेने जास्त ताकदीची स्प्रिंगही घालून पाहिली. वेग किंचित वाढला, हिसका मात्र बराच, आणि नेम पुन्हा विस्कटला. आठवड्यात जुनी परत घातली.

छर्रा भरायला नळी जिथे वाकून उघडते, त्या सांध्यावर टिश्यूचा तुकडा ठेवून बार काढला तर तो उडायचा, म्हणजे हवा गळत होती. तिथलं सील बदलणं हे सगळ्यात स्वस्त काम निघालं.

पण सर्वात जास्त फरक पडला तो पकडीने. ही खांद्यात आवळून धरायची नाही, पुढच्या तळव्यावर नुसती ठेवायची आणि हिसक्याला मोकळं सोडायचं. आता १० मीटरवर पाच छर्रे एका नाण्याखाली झाकतात, मीही ती शहाण्यासारखी धरली तर. छर्ऱ्याशिवाय बार काढत नाही आणि ताणून ठेवत नाही.

चाप अजून जड आहे. घासून हलका करण्याचा मोह होतो, पण छर्रा भरताना, नळी वाकवून उघडलेली असताना तो सुटला तर नळी झटक्यात मिटेल आणि बोटं मधे असतील. तो तसाच राहू दिलाय.