कार्डिओजेनिक शॉकमधला बलून पंप : बेळगावच्या आयसीयूत पाहिलेला उपयोग

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात हृदयाची रक्त ढकलण्याची ताकदच खचली, की रक्तदाब ढासळतो, हातपाय गार पडतात आणि लघवी कमी होते. या अवस्थेला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात, आणि आजही त्यातले जवळपास निम्मे रुग्ण दगावतात. खानापूर तालुक्यातल्या आमच्या थोरल्या काकांना याच अवस्थेत बेळगावच्या एका खासगी रुग्णालयात दाखल केले आणि अँजिओप्लास्टीनंतर, म्हणजे हृदयाची बंद पडलेली धमनी उघडल्यावर, त्यांना बलून पंप लावण्यात आला.

या उपचारात जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर सरकवून तिच्या टोकाचा लांबट फुगा छातीतल्या महाधमनीत ठेवतात. खाटेशेजारचे यंत्र ईसीजीशी मेळ साधून त्यात हेलियम भरते आणि काढून घेते. हृदय सैल पडले की फुगा फुगतो व रक्त हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांकडे रेटतो. पुढचा ठोका पडायच्या आत तो मिटतो, त्यामुळे हृदयाला कमी जोर लावावा लागतो. हेलियम अतिशय हलका असल्यानेच ही भरणी-काढणी प्रत्येक ठोक्याला साधते. काका शुद्धीवर होते, पण नळीचा पाय त्यांना वाकवता येत नव्हता. सिस्टरांनी पावलावर नाडी लागते त्या जागी पेनाने फुली मारली होती, त्या वरचेवर तिथे बोट ठेवत, पाऊल गार पडले नाही ना ते पाहत आणि काकूंना बजावत, "काकू, ते झोपेत असले तरी पाय दुमडू देऊ नका." नळीमुळे पायाचा रक्तपुरवठा अडण्याचा धोका खरा असल्याने ही शुश्रूषा मला यंत्राइतकीच मोलाची वाटली.

काका सुखरूप घरी आले, तरी त्याचे श्रेय मी बलूनला देणार नाही. 2012 साली जर्मनीत 600 रुग्णांवर झालेल्या चाचणीत, बलून लावलेल्यांपैकी 39.7 टक्के आणि न लावलेल्यांपैकी 41.3 टक्के रुग्ण 30 दिवसांत दगावले. हा फरक नसल्यातच जमा आहे. म्हणूनच युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना शॉकमधल्या प्रत्येक रुग्णाला तो सरसकट लावू नका असे सांगतात. झटक्याने हृदयातला पडदा फाटला किंवा झडप निकामी झाली, तर शस्त्रक्रियेपर्यंत रुग्णाला तगवण्यासाठी मात्र त्याचा आधार घेतला जातो.

इम्पेला हा हृदयाच्या डाव्या कप्प्यात बसणारा चिमुकला पंप अधिक ताकदीचा आहे, कारण तो रक्त स्वतः ओढून महाधमनीत सोडतो. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या डॅनजर शॉक चाचणीत 180 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण इम्पेलासह 45.8 टक्के, तर त्याविना 58.5 टक्के होते. पण त्याच चाचणीत इम्पेलाच्या रुग्णांमध्ये रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणे आणि डायलिसिसची गरज यांचे प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसले. शिवाय बेशुद्धावस्थेत राहिलेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेलेच नव्हते, आणि या पंपाचा खर्च कित्येक लाखांत जातो. एक्मोने, म्हणजे शरीराबाहेरून हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्राने, तर 2023 च्या मोठ्या जर्मन चाचणीत मृत्यू कमी झालेच नाहीत.

याउलट, बंद पडलेली धमनी तातडीने उघडण्याचा लाभ 1999 च्या ‘शॉक’ नावाच्या चाचणीपासून सिद्ध आहे : धमनी तातडीने उघडलेल्यांत सहा महिन्यांअखेर 50.3 टक्के मृत्यू, तर आधी औषधांवर ठेवलेल्यांत 63.1 टक्के. म्हणून खानापूर, निपाणी किंवा अथणीहून निघणाऱ्यांनी यंत्र कुठे आहे यापेक्षा कॅथलॅब (जिथे अँजिओप्लास्टी करतात ती खोली) रात्रीही सुरू असते का, हे आधी फोनवर विचारावे. आमच्या रुग्णालयाने धमनी आधी उघडली आणि बलून नंतर लावला, याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देतो.

तक्रार आहे ती समजावून सांगण्याबद्दल. संमतीपत्र इंग्रजीत होते, काकूंना मराठीखेरीज काही वाचता येत नाही, आणि बलूनचे धोके मराठीत सांगायला डॉक्टर आले ते आम्ही आग्रह धरल्यावरच. बलूनचे वेगळे शुल्कही आम्हाला बिलातच दिसले. सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर अँजिओप्लास्टी बसते म्हणून यंत्रही बसेल असे गृहीत न धरता, घरातल्या एकाने दाखल करतानाच रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रांना गाठून ते विचारून घ्यावे.